चौकटीत मावेल तेवढंच इंदूर

इंदूरचा राजवाडा समोरून सात मजली आहे. खालचे तीन मजले दगडी, वरचे चार लाकडी. १९८४ च्या आगीत मागचा बराच भाग जळाला आणि त्यानंतर कित्येक वर्षं या वास्तूची अवस्था सिनेमाच्या सेटसारखी होती. दर्शनी बाजू ताठ उभी, मागे मोकळं आभाळ. पुढे मागचा भागही पुन्हा बांधून झाला. पण चौकात पोह्यांची प्लेट हातात घेऊन उभ्या असलेल्या माणसाला मधल्या त्या वर्षांत फारसं काही चुकल्यासारखं वाटलं नसेल. त्याच्या नजरेच्या चौकटीत येत होतं तेवढं शाबूत होतं.

होळकरांच्या काळातली दहा मिनिटांची फिल्म करायला निघालेल्या विद्यार्थ्याला हाच राजवाडा हवा असतो. पहिल्याच फेरीत त्याच्या लक्षात येतं की वाड्यापुढे ई-रिक्षा आहेत, कपड्यांच्या पथाऱ्या आहेत, मोबाइलच्या जाहिराती आणि तारांची जाळी आहेत. हा चौक रिकामा करणं चार मुलांच्या युनिटच्या आवाक्यातलं नव्हे. मग पेन्सिल बाहेर निघते. पहिल्या चौकटीत अख्खा राजवाडा काढावा, तर खालच्या अर्ध्या भागात एकविसावं शतक ठासून भरलेलं. दुसऱ्या चौकटीत कॅमेरा वर उचलून पाहावा: चौथ्या मजल्यापासून वरचं लाकूडकाम आणि आभाळ, बस. तिसरीत समोर दिंडीदरवाजा, त्यात दिवटी धरलेला माणूस. हा दरवाजा राजवाड्याचा असण्याची गरजच नाही, जुन्या इंदुरातल्या कुठल्याही वाड्याचा चालेल. दुसरी आणि तिसरी चौकट एकापाठोपाठ जोडली की प्रेक्षक आपोआप राजवाड्यात शिरतो. कागदाच्या अर्ध्या पानावर एक अख्खा चौक रिकामा झाला.

चौकटींचा हा कागद म्हणजे स्टोरीबोर्ड. तो म्हटला की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर कॅमेऱ्याचे बाण येतात: इकडून ट्रॉली, तिकडे पॅन, मग क्लोजअप. तो दिग्दर्शकाचा आणि कॅमेरामनचा वापर झाला. आर्ट डिपार्टमेंटच्या हातात गेला की तोच कागद बाजाराची यादी होतो. कुठली भिंत रंगवायची, कुठली तशीच सोडायची, टेबलाची कुठली बाजू कॅमेऱ्याला दिसणार, हे त्यावरून ठरतं. खिशात मोजके पैसे असलेल्या विद्यार्थ्याला त्या यादीपेक्षाही तिच्यातून खोडलेल्या ओळी जास्त उपयोगी पडतात.

स्टोरीबोर्डची पद्धत रुळली ती १९३० च्या दशकात, वॉल्ट डिस्नेच्या स्टुडिओत. वेब स्मिथ या चित्रकाराने प्रसंगांची चित्रं सुट्या कागदांवर काढून फळ्यावर ओळीने टाचायला सुरुवात केली, आणि १९३३ च्या ‘थ्री लिटल पिग्ज’ची आखणी अशाच फळ्यावर झाली. जिवंत माणसांच्या सिनेमात तिचा दबदबा वाढला तो १९३९ च्या ‘गॉन विथ द विंड’मुळे. विल्यम कॅमेरॉन मेन्झीजने त्या चित्रपटाचे प्रसंग इतक्या तपशिलाने रेखाटले की निर्माता सेल्झनिकला त्याच्यासाठी ‘आर्ट डायरेक्टर’ हा शब्द अपुरा वाटला. ‘प्रॉडक्शन डिझायनर’ हे बिरुद तिथून पुढे चालत आलं.

मराठी माणसाला मात्र यासाठी हॉलिवूडपर्यंत जायला नको, कोल्हापूर पुरेसं आहे. बाबूराव पेंटर हे मुळात संगीत नाटकांचे पडदे रंगवणारे. चुलतभाऊ आनंदराव यांच्यासह त्यांनी या कामात नाव कमावलं, आणि आनंदरावांच्या अकाली मृत्यूनंतर १९१७ मध्ये महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली. पडदे रंगवण्यात हयात गेलेला माणूस सिनेमातही रंगवलेला पडदाच टांगेल अशी कुणाचीही अपेक्षा असती. बाबूरावांनी नेमका पडदा काढून टाकला. त्यांच्या चित्रपटांत खांबाला जाडी आली, दाराला खोली आली, माणसं सेटच्या पुढून चालण्याऐवजी सेटमध्ये राहू लागली. हे जमलं, कारण पात्रांचे पोशाख, त्यांच्या हालचाली, एकूण प्रसंगाचा डौल ते आधी कागदावर उतरवून घेत. तेव्हा स्टोरीबोर्ड हा शब्दही कोल्हापुरात पोहोचला नव्हता. १९२० चा ‘सैरंध्री’ पाहून लोकमान्य टिळकांनी त्यांना ‘सिनेमा केसरी’ म्हटलं, हे सर्वश्रुत आहे. त्या केसरीपणाच्या मुळाशी ड्रॉइंगचा कागद होता, हे मात्र क्वचित सांगितलं जातं.

बाबूरावांच्या तालमीत दामले, फत्तेलाल, धायबर आणि शांताराम तयार झाले. त्यांनी १९२९ मध्ये ‘प्रभात’ काढली, १९३३ मध्ये ती पुण्याला आणली. साहेबमामा फत्तेलाल हे प्रभातचे कलादिग्दर्शक. व्हेनिसमध्ये गौरवल्या गेलेल्या ‘संत तुकाराम’चे (१९३६) दामल्यांबरोबरचे सहदिग्दर्शकही तेच. प्रभात बंद पडल्यावर त्याच आवारात १९६० मध्ये फिल्म इन्स्टिट्यूट आली, आणि आज तिथे कलादिग्दर्शन शिकणारी मुलं विद्यार्थी-चित्रपटांचे सेट प्रभातच्याच जुन्या स्टुडिओत ठोकतात. पडद्यापासून प्लायवूडपर्यंतची ही साखळी एकाच आवारात बघायला मिळते.

इंदूरकडे असा स्टुडिओ नाही. चित्रकला मात्र आहे, तीही घसघशीत. दत्तात्रय दामोदर देवळालीकर यांनी १९२७ मध्ये होळकर संस्थानात चित्रकलेची शाळा सुरू केली. नारायण श्रीधर बेंद्रे, विष्णू चिंचाळकर, डी. जे. जोशी ही त्या वर्तुळातली माणसं, आणि पंढरपुरात जन्मून इंदुरात वाढलेले मकबूल फिदा हुसेनही. हुसेन पुढे मुंबईला गेले आणि सिनेमाची भली थोरली होर्डिंगं रंगवून पोट भरू लागले. ‘थ्रू द आइज ऑफ अ पेंटर’ हा त्यांचा संवादाविना लघुपट १९६७ मध्ये बर्लिनला सुवर्ण अस्वल जिंकून आला. छत्री, कंदील, बूट, गाय अशा गोष्टी त्यात राजस्थानच्या पार्श्वभूमीवर येतात, आणि वस्तू चौकटीत कुठे ठेवली की बोलू लागते याचा तो धडाच आहे. चिंचाळकर गुरुजींची वाट आणखी वेगळी. वाळलेली पानं, फुटकी भांडी, फेकून दिलेले तुकडे यांतून ते आकृती उभ्या करत. विद्यार्थी-फिल्मच्या आर्ट डिपार्टमेंटने भिंतीवर एखादा फोटो लावायचाच असेल, तर तो गुरुजींचा लावावा.

इंदुरातच आणखी एक घर आहे, जे आधी सगळंच्या सगळं कागदावर ठरलं. यशवंतराव होळकर दुसरे यांनी जर्मन वास्तुकार एकार्ट मुथेसियसकडून माणिकबाग महाल करून घेतला. काम सुरू झालं तेव्हा मुथेसियस पंचविशीच्या आसपासचा होता, म्हणजे आजच्या हिशोबाने नुकता कॉलेजातून बाहेर पडलेला. नुसत्या भिंतींवर त्याचं समाधान नव्हतं. दिवे, कड्याकोयंडे, खुर्च्या, गालिचे, सगळ्यांचा विचार त्याने एकत्र केला. काही फर्निचर त्याने स्वतः आखलं, काही युरोपातल्या नामवंतांकडून निवडलं, आणि बराच माल जहाजाने हिंदुस्थानात आला. १९८० मध्ये माँटे कार्लोला लिलाव झाला आणि त्या खोल्या जगभर विखुरल्या. इमारतीत आता केंद्र सरकारचं करखातं आहे. खोल्या कशा होत्या हे आज रेखाटनं आणि छायाचित्रांवरूनच कळतं. प्रॉडक्शन डिझाइन शिकणाऱ्या मुलांनी ती एकदा जरूर चाळावीत.

हे सगळं दहा बाय बाराच्या खोलीत कसं उतरवायचं? एक उदाहरण घेऊ. फिल्म काल्पनिक आहे, पण पार्श्वभूमी खरी. इंदूर हे एके काळी गिरण्यांचं शहर होतं. हुकुमचंद मिल नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला बंद पडली आणि कामगारांची देणी तीसेक वर्षं अडकली. डिसेंबर २०२३ मध्ये २२४ कोटी रुपये अखेर त्यांच्यासाठी दिले गेले. समजा, एका मराठी विणकराच्या घरातली ही गोष्ट आहे. एक खोली, दोन काळ: डिसेंबर १९९१ आणि डिसेंबर २०२३. बजेट मुलांच्या पॉकेटमनीचं.

संहिता वाचून आर्टवाल्याला पहिल्यांदा घाम फुटतो, कारण खोली दोनदा सजवायची आहे. घर कुणाच्या तरी मावशीचं, भिंतींना खिळा मारायची परवानगी नाही, रंग लावणं तर दूरच. अशा वेळी चौकटी काढताना शेजारी खोलीचा वरून दिसणारा नकाशाही काढायचा असतो, कॅमेऱ्याच्या कोनासकट, आणि थोडं त्रैराशिक मांडायचं असतं. साधारण २४ मिलिमीटर रुंद सेन्सरच्या कॅमेऱ्याला ३५ मिलिमीटरची लेन्स लावली आणि भिंत दहा फुटांवर असली, तर चौकटीत भिंतीची सुमारे सात फूट रुंदी आणि चार फूट उंची येते. पन्नासची लेन्स लावली तर रुंदी पाच फुटांच्याही आत. म्हणजे बसलेल्या माणसाच्या नजरेच्या उंचीवर कॅमेरा ठेवला, तर पस्तीसच्या लेन्सला जमिनीपासून दीड फुटावरून साडेपाच फुटांपर्यंतचीच भिंत दिसते. पंखा, ट्यूबलाइट, वरचं वायरिंग, फरशी, सगळं चौकटीबाहेर.

सात बाय चार. आणि प्लायवूडची बाजारात मिळणारी शीट असते आठ बाय चार फुटांची! १९९१ ची अख्खी भिंत एका शीटवर उभी राहते. तिच्यावर नीळ घातलेल्या चुन्यासारखा फिकट निळा रंग द्यायचा, खाली तेलकट हातांचे डाग पाडायचे, आणि शीट आडवी करून, जमिनीपासून दीड फूट उचलून, मावशीच्या भिंतीपुढे टेकवायची. शूटिंग संपलं की उचलायची. मावशी खूश.

यात एक अट आहे, कॅमेरा हलता कामा नये, आणि तीवरूनच युनिटमध्ये भांडणं होतात. ऐन वेळी दिग्दर्शकाला स्फुरण चढतं, “इथे जरा हळूच पॅन करू या ना,” आणि आर्टवाला किंचाळतो, “अरे, प्लाय संपतोय तिकडे!” बोर्डावर दोघांनी आधी मान डोलावलेली असते. म्हणून त्या कागदाची एक प्रत सेटवर, सगळ्यांना दिसेल अशी, टांगलेली बरी.

फोनवर शूट करणाऱ्यांनी हे गणित जरा जपून करावं. फोनची नेहमीची लेन्स बरीच रुंद पाहते. दहा फुटांवरून ती साधारण चौदा फूट भिंत टिपते, म्हणजे बारा फुटी खोलीची पूर्ण भिंत आणि वर दोन्ही बाजूंचे कोपरे. कॅमेरा स्वस्त पडला म्हणून हुश्श म्हणावं, तर सजावट दुप्पट होऊन बसते.

आता वस्तू. बोर्डावर विणकराच्या मागे कॅलेंडर असेल, तर त्यावर १ डिसेंबर १९९१ रविवारीच यायला हवा. प्रेक्षकांत एक तरी आजोबा हे तपासणारे निघतातच. मध्य प्रदेशातल्या मराठी घरात ‘कालनिर्णय’च्या शेजारी जबलपूरचं ‘लाला रामस्वरूप’ही लटकत असतं, आणि ही जोडी भिंतीवर दिसली की घर इंदूरचं आहे हे संवादातून सांगावं लागत नाही. मुलाच्या अभ्यासाच्या जागी राज्याचा नकाशा लावलात, तर त्यात छत्तीसगड धरलेलं हवं. ते वेगळं झालं १ नोव्हेंबर २००० ला. पगाराच्या पाकिटातून शंभराची नोट बाहेर काढण्याचा क्लोजअप असेल तर आणखी पंचाईत. गांधीजींच्या चित्राची, आपल्या सवयीची नोटांची मालिका सुरूच झाली १९९६ मध्ये. जुनी नोट मिळाली नाही, तर बोर्डातच चौकट बदलायची: पाकीट दाखवायचं, नोटा मोजणारा अंगठा दाखवायचा, नोटेचं तोंड दाखवायचं नाही. नव्वद टक्के विद्यार्थी-फिल्म अशा ठिकाणी पडतात, असं आकडेवारीशिवायही बेधडक म्हणता येईल. खोली छान जमते, आणि हातातली वस्तू दगा देते.

गोष्टीचा शेवट मात्र या दोन डिसेंबरांबाहेरचा, देणी मिळाल्यानंतरच्या अनंत चतुर्दशीच्या रात्रीचा आहे असं धरू. इंदुरात त्या रात्री गिरण्यांच्या झांक्या निघतात. हलणारी चित्रं, दिव्यांच्या माळा, आखाडे, आणि रस्त्याच्या दुतर्फा पहाटेपर्यंत जागणारं शहर. ही परंपरा सुमारे शंभर वर्षांची आहे. भोंगे थंडावले तरी कामगारांनी झांक्या सोडल्या नाहीत. विद्यार्थी-फिल्मला झांकी बांधणं शक्य नाही आणि खऱ्या मिरवणुकीत पात्राला उभं करून रीटेक घेणंही. बोर्डावर मात्र उत्तर सापडतं: म्हातारा विणकर खिडकीशी, चौकटीत फक्त त्याचा चेहरा आणि गज, त्यावरून सरकत जाणारा लाल, हिरवा, पिवळा उजेड. बाहेर एक मुलगा रंगीत जिलेटिन कागद चिकटवलेलं सायकलचं चाक दिव्यापुढे फिरवतोय. बँडचा आवाज नंतर भरायचा. अख्खी झांकी चौकटीबाहेर, आणि तरी ती तिथे आहे.

उजेड हा सेटचाच भाग असतो, हे विद्यार्थ्यांच्या बोर्डांत सहसा राहून जातं. सत्यजित राय यांच्या ‘अपराजितो’साठी बन्सी चंद्रगुप्त यांनी काशीच्या घराचा चौक कलकत्त्याच्या स्टुडिओत बांधला, तेव्हा सुब्रत मित्र यांनी वर पांढरं कापड ताणून दिव्यांचा उजेड त्यावरून परतवला. वाड्याच्या चौकात वरून जो मऊ, सावली नसलेला उजेड झिरपतो, तो तसा साधला. इंदूरच्या जुन्या वाड्यांत हा उजेड आजही दुपारी फुकट मिळतो. चौकटीच्या कोपऱ्यात वेळ लिहिली नाही, तर मात्र युनिट साडेपाचला पोहोचतं.

राय स्वतः तर चित्रकारच. ‘पथेर पांचाली’ची रीतसर पटकथा त्यांनी लिहिली नव्हती, त्यांच्याकडे टिपणं आणि शाईने काढलेल्या चित्रांची वही होती. ती वही पुढे पॅरिसच्या सिनेमातेकला दिली गेली. निर्मात्यांना ते तीच वही दाखवत, आणि निर्माते गाण्यांची चौकशी करून परत पाठवत.

मराठी घरातलं अलीकडचं उदाहरण राही अनिल बर्वे यांचं. लेखक अनिल बर्वे यांचा हा मुलगा. ‘तुंबाड’चा पहिला खर्डा त्यांनी १९९७ मध्ये, अठराव्या वर्षी लिहिला. २००९-१० मध्ये त्यांनी ७०० पानांचा स्टोरीबोर्ड तयार केला. प्रत्यक्ष शूटिंग २०१२ ला सुरू झालं, पुन्हा पुन्हा झालं, पावसासाठी पावसाळे थांबलं, आणि चित्रपट आला ऑक्टोबर २०१८ मध्ये. मधल्या काळात निर्माते आले आणि गेले, पण तो वाडा, ती ओल, ते तांबडं गर्भगृह यांत फाटाफूट झालेली दिसत नाही. सासवडचा खरा वाडा आणि बांधलेले सेट एकाच घराचे वाटतात. त्याचं श्रेय नितीन झिहानी चौधरी आणि राकेश यादव या प्रॉडक्शन डिझायनरांचं आहे, तसंच त्या ७०० पानांचंही. विद्यार्थ्याने ७०० पानं काढू नयेत. दहा मिनिटांच्या फिल्मला साठसत्तर चौकटी पुरतात.

चित्र काढता येत नाही, ही तक्रार फारशी खरी नाही. काड्यांची माणसं चालतात. माणूस कुठे आहे, त्याच्या मागे काय आहे आणि त्याचा हात कशाला लागणार आहे, एवढं कळलं की झालं. उलट चांगलं चित्र काढणाऱ्यांचाच धोका मोठा. ते कागदावर अशा कोनातून खोली दाखवतात की तिथे कॅमेरा ठेवायला भिंत फोडावी लागेल. बोर्ड इतका देखणा होतो की त्याला हात लावायची कुणाची छाती होत नाही, आणि जागेवर गेल्यावर खिडकी उलट्या बाजूला निघते. म्हणून आधी जागा पाहावी, फोनवर फोटो काढावेत आणि त्या फोटोंवरच रेघोट्या माराव्यात.

इंदूरची स्वतःची अशी एक गंमतशीर अडचणही आहे. २०१७ पासून वर्षानुवर्षं हे शहर स्वच्छतेत देशात पहिलं येत आलं आहे. जुन्या काळातली कळकट गल्ली दाखवायची, तर कचरा घरून न्यावा लागतो, आणि टेक संपेपर्यंत तो कुणी उचलून नेणार नाही हे पाहायला एक मुलगा नेमावा लागतो. सराफा बाजाराचं तर घड्याळच वेगळं. दिवसा सोन्याची दुकानं, रात्री त्याच दुकानांच्या पायऱ्यांपुढे गराडू आणि भुट्ट्याचा कीस. दोन चौकटी वेगवेगळ्या वेळी टिपल्या तर गल्लीच बदललेली असते.

सामानासाठी बर्तन बाजार आहे, सियागंज आहे, कापडाला सीतलामाता बाजार, जुन्या पुस्तकांना खजुरी बाजार. पण १९९१ चं घर बाजारात मिळत नाही, ते घरांतच असतं. काळे बेकेलाइटचे स्विच, पितळी स्टोव्ह, मर्फीचा रेडिओ, डालड्याचा डबा, गिरणीची पगाराची चिठ्ठी, या गोष्टी दरवर्षी दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून खाली येतात आणि भंगारवाल्याच्या काट्यावर चढतात. इंदुरातल्या, पुण्यातल्या, कोल्हापुरातल्या वाचकांना म्हणून एवढंच सांगायचं आहे: यंदा ते पोतं बांधण्याआधी आसपासच्या चित्रकलेच्या किंवा मास कम्युनिकेशनच्या कॉलेजात एक फोन करा. कुणी मुलगा-मुलगी रेडिओ मागायला आली, तर आधी बोर्ड दाखवायला सांगा. चौकटीत तुमचा रेडिओ कुठे बसणार आहे हे त्यांना बोट ठेवून दाखवता आलं, तर खुशाल द्या. आणि परत कधी आणणार, ते कागदाच्या मागे लिहून घ्या.